वास्तू आपली, किल्ली कोणाची?

शाळेच्या स्मरणिकेत वास्तूविषयी लेख असला, की तो बहुधा भूमिपूजन, कोनशिला, देणगीदारांची नावे आणि खोल्यांची संख्या यांचा असतो. ती नोंद आवश्यकच आहे. पत्र्याच्या दोन खोल्यांपासून आजच्या इमारतीपर्यंतचा प्रवास ज्यांच्या कष्टांमुळे आणि दानामुळे झाला, त्यांची नावे पुढच्या पिढीला ठाऊक असलीच पाहिजेत. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला मात्र कोणत्याही सार्वजनिक वास्तूला आणखी तीन प्रश्न विचारावेसे वाटतात. आत कोणाला येता येते? पाणी कोठे आहे आणि ते कोणाला घेता येते? दाराची किल्ली कोणाकडे असते?

हे प्रश्न आजच मांडण्याला कारण आहे. माजी विद्यार्थ्यांनी श्रद्धेने जमवलेल्या निधीतून काय उभारावे, याचा विचार सध्या चालू आहे. प्रवेशद्वाराशी भव्य कमान व्हावी अशी एक सूचना आहे. शाळेबरोबरच वस्तीतील मुलामुलींनाही संध्याकाळी खुली राहील अशी अभ्यासिका बांधावी, अशी दुसरी. दोन्ही सूचना मनापासून आलेल्या आहेत. निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा आहे. तत्पूर्वी सामायिक जागांविषयी आपल्याच मुलखाचा इतिहास काय सांगतो, ते पाहावे म्हणून हा लेख.

आष्टा आणि सारा वाळवा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून साताऱ्याचा जुना इतिहास हा आपलाही इतिहास आहे. या भागातील जुन्या गावाची रचना आठवून पाहा. वेस, चावडी, पार, देऊळ, पाणवठा. या प्रत्येक जागेला 'गावाची' म्हटले जाई, आणि त्या प्रत्येक जागेपासून आपल्या पूर्वजांचे अंतर ठरलेले असे. वेशीबाहेर आपली स्वतंत्र बैठकीची जागा होती, तिला तक्क्या म्हणत. तंटेबखेडे तेथे मिटत, पाहुणा तेथे उतरे, जलसा तेथे होई, पुढे बाबासाहेबांचे विचारही तेथेच ऐकले गेले. अपमानाच्या भूगोलातही समाजाने स्वतःची एक सामायिक जागा राखली होती, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याच तक्क्यात स्त्रियांना मात्र बरोबरीने बसता येत नसे. त्यांची बैठक भरे ती पाण्यावर, घागर भरेपर्यंत. इतिहास लिहिताना हेही लिहिले पाहिजे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या बालकाचे नाव दाखल झाले. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवसांतील वर्गाचे वर्णन बाबासाहेबांनी स्वतः करून ठेवले आहे. बसायला वेगळे गोणपाट, तेही रोज घरून आणायचे आणि घरी न्यायचे. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी उघडली तरच पाणी. म्हणजे शाळेचे दार उघडले होते, तरी पाण्याची किल्ली दुसऱ्याच्याच हाती होती.

पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, बाबासाहेब आपले वडीलबंधू आणि भाच्यांसह मसूर स्थानकावर उतरले आणि बैलगाडीने वडिलांच्या मुक्कामाकडे निघाले. वाटेत त्या लेकरांना कोणी पाणी दिले नाही, हा प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. त्यातील एका तपशिलाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. सुभेदार रामजी त्या वेळी खटाव तालुक्यात खजिनदार म्हणून काम करीत होते. दुष्काळात लोकांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. वडील सार्वजनिक तलावाच्या कामाचा पैसा सांभाळत होते आणि मुले त्या वाटेवर घोटभर पाण्यासाठी तळमळत होती. सार्वजनिक काम होणे आणि सार्वजनिक हक्क मिळणे यांतील अंतर दाखवणारे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

हे अंतर कायद्याने मिटवण्याचा मोठा प्रयत्न ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाला. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने संमत केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर सारे झाले होते. प्रत्यक्षात त्या तळ्यावर जाण्याची सोय कोणाला नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहस्रावधी अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. तळे ही खासगी मालमत्ता आहे हा विरोधकांचा दावा उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये फेटाळला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागा यांचा नावानिशी उल्लेख झाला. ही यादी वाचताना मला नेहमी बोले ठरावाची आठवण येते. आपल्या मूलभूत हक्कांचा एक उगम पाणवठ्यावर आहे.

हक्क मिळाला, तरी एकत्र राहण्याची सवय आपोआप लागत नाही. ती लावण्यासाठी वेगळ्या प्रकारच्या वास्तू लागतात, आणि आपल्या भागात ते काम वसतिगृहांनी केले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे निघाली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. त्याच नगरीत गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या पाठबळावर 'सत्यसुधारक' हे चहाचे हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत. चार बाकडी आणि एक चूल एवढीच ती वास्तू. पण छत्रपतींनी तेथे कपाला ओठ लावल्यावर तिचे मोल पालटले.

आपल्याच वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या वसतिगृहाच्या कामाची सुरुवात आष्ट्यापासून फार दूर नसलेल्या दुधगावात झाली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ पासून साताऱ्यात जे वसतिगृह चालले, तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. तेथे मुले पाणी भरत, भाजी निवडत, स्वयंपाकाला हात लावत आणि एकाच पंगतीत जेवत. मुलांच्या पोटाची सोय व्हावी म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले. त्या बोर्डिंगच्या भिंती कशाच्या होत्या हे आज कोणाला आठवत नाही. पंगत सर्वांना आठवते. आपल्या निवासी शाळेतील भोजनगृहाकडे मी याच दृष्टीने पाहते. येथे नव्याने दाखल झालेले मूल पहिल्या आठवड्यात आपल्या ओळखीच्याच मुलाशेजारी बसू पाहते. महिनाभराने ते कोठेही बसते. पाठ्यपुस्तकातील समतेच्या धड्याआधी हा धडा झालेला असतो.

बौद्ध म्हणून आपल्याला या परंपरेचे मूळ आणखी मागे शोधता येते. कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरात, जखिणवाडीच्या बाजूला, साठाहून अधिक लेणी आहेत. वर्गाची सहल घेऊन मी तेथे अनेकदा गेले आहे. अजिंठ्याची चित्रे पाहिलेल्या मुलांची येथे आधी निराशा होते, कारण ही लेणी अगदी साधी आहेत. मग मी त्यांना रचना पाहायला सांगते. मध्ये मोकळा मंडप, भोवती लहान खोल्या, निजायला दगडी ओटे, बाहेर पाण्याचे टाके. एका माणसापुरती खोली लहान आणि सर्वांचा मंडप मोठा. "बाई, हे तर आपल्या वसतिगृहासारखेच," असे एखादे मूल म्हणतेच, आणि सहलीचे सार्थक होते.

ही लेणी कोणी केली, याचे उत्तर महाराष्ट्रातील शिलालेख देतात. जुन्नरला धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी धेनुकाकट येथील गंधिकाचे आणि सुताराचे नाव कोरलेले आहे. राजेरजवाड्यांच्या बरोबरीने कारागीर, व्यापारी, भिक्खुणी आणि उपासिका यांनी आपापल्या ऐपतीने एकेक खांब, एकेक टाके दिले. आज आपल्या शाळेच्या पायरीवर एखाद्या माजी विद्यार्थ्याने आईच्या स्मरणार्थ दिलेल्या पंख्याची नोंद असते, ती त्याच परंपरेतील आहे.

दान दिलेल्या वास्तूचे पुढे काय करायचे, याचा विचारही विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात निवासस्थानांविषयी एक सबंध प्रकरण आहे. त्यात सभाशाळा, चंक्रमणाची जागा, स्नानगृह, विहीर यांचा बारकाईने विचार केलेला दिसतो. कोणाला कोणती खोली द्यायची हे ठरवणारा भिक्खू संघाने नेमायचा असे. त्यातील एक नियम मला फार मोलाचा वाटतो. आराम आणि त्याची जमीन, विहार आणि त्याची जमीन, मंचक-बिछाने, धातूची भांडी व हत्यारे, बांबू-गवत-लाकूड यांसारखे साहित्य, या पाच प्रकारच्या वस्तू कोणालाही देऊन टाकता येत नाहीत. एखाद्या भिक्खूला नाही, गटाला नाही, खुद्द संघालासुद्धा तो अधिकार नाही. कारण त्या आज असलेल्यांच्या आहेत, तशाच उद्या येणाऱ्यांच्याही आहेत. आपल्या विहारांच्या आणि समाजमंदिरांच्या कार्यकारिणींनी हा नियम एकदा वंदनेनंतर मोठ्याने वाचावा, असे मला वाटते.

नियम न्याय्य असेल तर साधी वास्तूही समाज बदलू शकते, याचे अलीकडचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडी या गावांच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतील थोडी वाळू विकून बांधकामाला पैसा उभा करण्याचा हक्क त्यांनी मागितला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पाणी जमिनीच्या मापाने न वाटता कुटुंबागणिक वाटायचे आणि भूमिहीनालाही वाटा द्यायचा, हे तत्त्व त्यांनी स्वीकारले. धरणे आपण पुष्कळ पाहिली आहेत. ज्याच्याकडे गुंठाभर रान नाही त्याचाही पाण्यावर हक्क आहे असे मानणारे धरण विरळा.

आता आपल्या वस्त्यांकडे येऊ. शासकीय योजनांतून गावोगाव समाजमंदिरे झाली. २०२० मध्ये राज्य शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि अनेक ठिकाणी फलकही बदलले. हे सर्व संघर्षातून मिळाले आहे. तरीही कितीतरी समाजमंदिरांचे दार १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला आणि एखाद्या लग्नात उघडते. उरलेले दिवस त्याला कुलूप असते. आत मंडपाचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या. बाहेरच्या पायरीवर दहावीचा मुलगा पुस्तक घेऊन बसलेला, कारण घर एका खोलीचे आणि त्यात दूरदर्शन संच चालू. त्याची बहीण तर पायरीवरही बसू शकत नाही.

अशाच एका वस्तीत आम्ही काही शिक्षक आणि उपासिकांनी संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली. पहिली अडचण पैशांची नव्हती, किल्लीची होती. ती एका सज्जन गृहस्थांकडे असे. ते पहाटे ऊसतोडीला जात आणि अंधार पडल्यावर परतत. तोवर दार बंद. सभेत बराच खल झाला. शेवटी मागे बसलेल्या एक वयस्क आजी म्हणाल्या, "बाई, किल्ली आमच्याकडं ठिवा. आमी कुठं पळून जाणार हाय?" मग तीन किल्ल्या झाल्या. एक त्या आजींच्या घरी, एक अंगणवाडी सेविकेकडे आणि एक दहावीच्या मुलींकडे. झाडण्याची पाळी मुलगे आणि मुली दोघांची लावली आणि तक्ता भिंतीवर चिकटवला. मुलींसाठी साडेआठला घरी निघायचे, दोघी-दोघींनी जायचे, असे ठरले. कोपऱ्यावरचा बंद पडलेला दिवा सुरू व्हावा म्हणून नगरपालिकेला अर्ज केला. तोवर आम्ही बॅटऱ्या दिल्या. मुलींची उपस्थिती खऱ्या अर्थाने वाढली ती मात्र शौचालयाला दार आणि पाणी मिळाल्यावर. पुस्तके त्याआधीही होतीच.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांपर्यंत चढले, तेव्हा नदीकाठच्या गावांतील कुटुंबे आपल्या शाळेत आली. वर्गखोल्यांत माणसे, मैदानावर जनावरे, भोजनगृहात अखंड चूल. त्या दिवसांत मी दोन गोष्टी पाहिल्या. पहिल्या रात्री लोक आपापल्या गल्लीप्रमाणे, म्हणजेच जातीप्रमाणे, खोल्या धरून बसले. पाण्याचा पिंप कोणाच्या हातचा आहे, असेही कोणीतरी हळूच विचारले. पूर सगळ्यांच्या घरात सारखाच शिरला होता. मनातील भिंती तशाच होत्या. दुसरी गोष्ट चौथ्या दिवशीची. लहान मुलांच्या दुधाची सोय एकाच खोलीत केली होती, म्हणून सगळ्या लेकुरवाळ्या तेथे जमू लागल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी पाळ्या लावून एकमेकींची बाळे सांभाळायला घेतली. कोणी भाषण केले नव्हते. खोलीच्या व्यवस्थेने ते काम केले. निघताना एका माउलीने भोजनगृहाची फरशी पुसून दिली आणि मगच ट्रॅक्टरवर चढली.

म्हणून निधीविषयीचे माझे मत आता स्पष्ट मांडते. कमानीची सूचना मी कमी लेखत नाही. ज्यांच्या पूर्वजांना वेशीच्या आत घर बांधता आले नाही, त्यांनी आपल्या नावाची वेस उभारावी असे वाटणे यात नुसती हौस नाही. त्यात शतकांचे दुःख आहे. ती कमान कधीतरी अवश्य व्हावी. पण आधी अभ्यासिका व्हावी. तिला दोन दारे असावीत. एक शाळेच्या अंगणात उघडणारे, दुसरे रस्त्यावर. रस्त्याच्या बाजूला पिण्याच्या पाण्याचा नळ असावा आणि तो कोणालाही न विचारता उघडता यावा. मुलींसाठी स्वतंत्र शौचालय, वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी उतार, वीज गेल्यावर चालणारे दिवे असावेत. जोते उंच असावे, म्हणजे पुन्हा पूर आला तर माणसांना आसरा मिळेल. किल्ल्या तीन असाव्यात आणि त्यांपैकी निदान दोन स्त्रियांकडे. ही वास्तू कोणाला भाड्याने देता येणार नाही आणि तिच्यात कोणासाठी राखीव खोली असणार नाही, हा विनयाचा नियम दर्शनी भिंतीवर लिहावा. वस्तीतल्या ज्या मुलामुलींना तेथे बसायचे असेल त्यांना जात, धर्म, पक्ष विचारू नये. बोले ठरावातून आणि महाडच्या तळ्यातून आपण जे मिळवले, ते आपल्या दारात आलेल्या दुसऱ्या कोणाला नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

खर्चाचा अंदाज, नकाशा आणि परवानग्या यांचे काम जाणकार माजी विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. वाचनासाठी पुस्तके देऊ इच्छिणाऱ्यांनी दोन-दोन संच द्यावेत, म्हणजे एक संच घरी नेता येईल. ज्यांना पैसा देणे शक्य नाही त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ द्यावी. गणित आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांची वाट मुले पाहत आहेत. काम वेळेवर झाले तर येत्या ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनी, त्या खोलीत पहिला दिवा लागावा अशी माझी इच्छा आहे. त्या दिवशी व्यासपीठ, हारतुरे काही नकोत. वस्तीतल्या एका मुलीने कुलूप काढावे आणि सर्वांनी आत येऊन बसावे, एवढे पुरे.

जय भीम. नमो बुद्धाय.